केळीची राख, पापडखार अन् चुना घेऊन अल्क कसा शिकायचा

माझ्याकडे संध्याकाळी नववी-दहावीची बारा-पंधरा पोरं ट्यूशनला येतात. गाव यावल तालुक्यातलं, चारी बाजूंनी केळी. दरवर्षी आम्लं सगळ्यांना पटकन जमतात, कारण लिंबू आहे, चिंच आहे, ताक आहे, जिभेला लागलं की कळलं. आम्लारीचं पान उघडलं की गाडी अडते. पुस्तकात सोडियम हायड्रॉक्साइड लिहिलेलं असतं, ते कुणी पाहिलेलं नसतं, मग पोरं नुसतं घोकतात की कडवट, बुळबुळीत, लाल लिटमस निळा, अन् पेपर झाला की पाटी कोरी. म्हणून मी तीन-चार वर्षांपासून उलटं करते, पुस्तक बाजूला अन् आधी स्वयंपाकघर, अंगण, शेत. खर्च म्हणाल तर पन्नास-साठ रुपये, तेही मोरचूद (निळं कॉपर सल्फेट) अन् नवसागर विकत आणावा लागतो म्हणून.

आधी शब्दांचा घोळ सोडवून घ्या, नाहीतर पुढे सगळं उलटंपालटं होतं. आपल्या बोर्डाच्या पुस्तकात आम्लाच्या विरुद्धचा तो आम्लारी. जो आम्लारी पाण्यात चांगला विरघळतो त्याला अल्क म्हणायचं. आणि आम्ल-आम्लारी एकमेकांना मारतात (पुस्तकात याला उदासिनीकरण म्हणतात) तेव्हा जे तयार होतं तो क्षार. आता पोरं मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघतात, तिथले सर अल्कलाच "क्षार" म्हणतात अन् आपल्या क्षाराला "लवण". म्हणजे एकच शब्द, दोन अर्थ. वर गावात आपण बोरच्या पाण्यालाही "क्षाराचं पाणी" म्हणतो. मी पहिल्याच दिवशी वहीच्या शेवटच्या पानावर तीन ओळी लिहून घेते अन् सांगते की हिंदीतून ऐकलं तरी लिहायचं मराठीतून.

सगळे अल्क आम्लारी असतात पण सगळे आम्लारी अल्क नसतात, हे वाक्य पाठ करायची गरज नाही, देवघरातला तांब्या आणा. तांब्यावर जो काळपट थर चढतो तो मुख्यतः कॉपर ऑक्साइडचा. पाण्यात कितीही धुवा, विरघळत नाही, म्हणजे अल्क नाही. पण चिंचेचा कोळ चोळला की लगेच निघतो, कारण आम्लाने त्याला गाठलं अन् त्याचा विरघळणारा क्षार झाला. म्हणजे आम्लारी आहेच, फक्त पाण्याला दाद देत नाही. एवढं दाखवलं की ते वाक्य आपोआप समजतं.

आता दर्शक बनवा, म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी ते सांगणारी वस्तू. लिटमस शाळेत कपाटात कुलपात असतो, म्हणून हळद घ्या. नुसत्या पाण्यात कालवली तर रंग नीट उतरत नाही, हळदीतलं रंगद्रव्य पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून मी अल्कोहोलवाला हँड सॅनिटायझर वापरते, पातळवाला, जेलवाला नाही. अर्धी वाटी सॅनिटायझर, एक चमचा हळद, ढवळून पाच मिनिटं ठेवा, वरचा पिवळा द्रव दुसऱ्या वाटीत घ्या, त्यात टिपकागदाच्या नाहीतर पांढऱ्या टिश्यूच्या पट्ट्या बुडवा अन् सावलीत वाळवा. (सॅनिटायझर पेट घेतो, गॅसजवळ हे काम करायचं नाही.) या पट्टीला आम्लारी लागला की ती तांबडी होते, लिंबू पिळलं की परत पिवळी. भाजीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो ना, तेच हे. पूर्वी हळदीला चुना लावून कुंकू करायचे तेही हेच.

हळदीची एक खोड आहे, ती आम्ल अन् साधं पाणी यांत फरक करत नाही, दोन्हीत पिवळीच राहते. म्हणून जोडीला लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून तो रंग ठेवा. तो आम्लात गडद गुलाबी होतो अन् आम्लारीत हिरवा. पोरांना हा हिरवा रंग फार आवडतो, उगाच चार वेळा करतात, करू द्या.

आता मुख्य काम, केळीची राख.

वीस-पंचवीस केळींची सालं जमवा, आपल्याकडे ही काही अडचण नाही. पत्र्यावर उन्हात टाका, मे महिन्यात आपलं ऊन असं की दोन दिवसांत कडकड मोडतात, पावसाळ्यात मात्र हा उद्योग करू नका. मग अंगणात लोखंडी घमेल्यात जाळा. नुसती काळी झाली की थांबायचं नाही, काळा म्हणजे कोळसा, तो आपल्या कामाचा नाही, राखाडी-पांढरी होईपर्यंत जळू द्यायचं. एवढ्या सालींची राख निघते चहाचे दोन-तीन चमचे, बस. पहिल्या वर्षी सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, म्हणाल्या, "माय व्हय, राखेनं काय शिकवशीन तू पोराईले?" मग मी विचारलं की तुम्ही लहानपणी भांडी कशाने घासायच्या, तर म्हणाल्या राखेनं. तेलकट ताटही निघायचं का? निघायचं. झालं, तिथूनच धडा सुरू.

राख काचेच्या ग्लासात घ्या, अर्धा कप गरम पाणी ओता, ढवळा, रात्रभर ठेवा. सकाळी दुहेरी सुती फडक्यातून गाळा. खाली येतं ते फिकट चहासारखं पाणी. आता हळदीची पट्टी बुडवा, लगेच तांबडी. बोटाला एक थेंब लावून चोळा, बुळबुळीत लागतं, आणि हा बुळबुळीतपणा का ते पोरांना सांगा, कातडीवरच्या तेलाचा थोडासा साबण होतोय. मग बोट धुवायला लावा. चव बघायची नाही, पुस्तकात "चव कडवट" लिहिलंय ते कुणीतरी आधी बघून ठेवलंय, आपण पुन्हा बघायची गरज नाही.

हे पाणी स्टीलच्या पातेलीत आटवलं की तळाला मळकट पांढरी पूड राहते. ती मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. इंग्रजीत पोटॅश म्हणतात ते याच रीतीवरून, पॉट म्हणजे भांडं अन् ॲश म्हणजे राख, भांड्यात आटवलेली राख. आणि अल्कली हा शब्द अरबी "अल-कली" वरून आला, त्याचाही अर्थ झाडाझुडपांची राख. १८०७ मध्ये हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) वितळवून त्यातून वीज सोडली अन् पोटॅशियम धातू वेगळा काढला, थोड्याच दिवसांत कॉस्टिक सोड्यातून (सोडियम हायड्रॉक्साइड) सोडियमही. पोटॅशियमची खूण "के" का, "पी" का नाही, हे पोरं दरवर्षी विचारतात. कॅलियम या नावावरून, अन् कॅलियम त्याच राखेच्या अरबी शब्दावरून. केळीला पोटॅश का लागतं अन् केळीच्या राखेत पोटॅश का निघतं, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही, घरात खताच्या पोत्यावर वाचलेलं असतं.

इथे एखादं चलाख पोरगं अडवतं, मॅडम, कार्बोनेट तर क्षार आहे, आम्लारी नाही. बरोबर आहे त्याचं. पोटॅशियम कार्बोनेट हा तीव्र आम्लारी अन् सौम्य आम्ल यांच्यापासून झालेला क्षार, पाण्यात गेला की कार्बोनेट आयन (आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण) पाण्याकडून हायड्रोजन ओढून घेतो अन् हायड्रॉक्साइड आयन मोकळा सोडतो. आणि बुळबुळीतपणा म्हणा, हळद लाल होणं म्हणा, सगळा कारभार त्या हायड्रॉक्साइड आयनाचा. अऱ्हेनिअसची व्याख्या, पाण्यात हायड्रॉक्साइड देतो तो आम्लारी, ती इथे कामाला येते. पुढे १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड अन् लॉरी यांनी व्याख्या मोठी केली, प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजन आयन) घेतो तो आम्लारी, त्या व्याख्येत कार्बोनेट सरळ बसतो. दहावीपर्यंत पहिली पुरते, पण कुणी विचारलं तर दुसरी सांगून टाका, लपवायचं काय त्यात.

पूड बाटलीत झाकण घट्ट लावून ठेवा. मी एकदा उघडी ठेवली, जुलैत बघते तर चिकट चिखल. हवेतली ओल ओढून घेते ती.

पापडखार अन् सोडा

उडदाचे पापड करताना पापडखार पाण्यात उकळून घेतात, ते पाणी थोडं बाजूला काढा. दुकानागणिक पापडखार वेगळा निघतो, कशात सोडियम कार्बोनेट जास्त, कशात बायकार्बोनेट. हळदीची पट्टी यात छान फरक दाखवते, खायच्या सोड्याच्या पाण्यात ती जेमतेम लालसर होते (त्याचा सामू, म्हणजे pH, ८.३ च्या आसपास, ७ च्या वर जितका जास्त तितका आम्लारी जोरदार), धुण्याच्या सोड्यात एकदम लालभडक (११ च्या पुढे). आणि हा प्रयोग नक्की करा, चार चमचे खायचा सोडा लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटं परता. वाफ निघते, पूड पाण्यासारखी खळबळते, मग शांत होते. ही परतलेली पूड अन् न परतलेली पूड वेगवेगळ्या वाट्यांत कालवून पट्टी बुडवा. परतलेली कडक लाल देते, कारण सोडियम बायकार्बोनेट तापून सोडियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड झालंय, म्हणजे तुम्ही तव्यावर खायच्या सोड्याचा धुण्याचा सोडा केलात. ती पूड परत बट्टीच्या पिठात टाकू नका. बट्टीत सोडा दही घातल्यावर फुगवतो तो वायूही हाच कार्बन डायऑक्साइड, त्यावर जास्त बोलत नाही, सगळ्यांना माहितीय.

आता ज्यात मी स्वतः मार खाल्ला ते सांगते. सोड्याचं पाणी गरम करायला घाईत हाताला येईल ते पातेलं घेतलं, ते निघालं ॲल्युमिनियमचं. दहा मिनिटांत आतून काळंकुट्ट, अन् तळाशी बारीक बुडबुडे. सासूबाईंचं पातेलं, बाहेरून लखलखीत अन् आतून शाई. घरात दोन दिवस त्याच विषयावर बोलणं. पण रिॲक्शन मात्र पुस्तकातलीच होती, बहुतेक धातू अल्काला हात लावत नाहीत पण ॲल्युमिनियम अन् जस्त लावतात. ॲल्युमिनियम + सोडियम हायड्रॉक्साइड + पाणी → सोडियम ॲल्युमिनेट + हायड्रोजन. बुडबुडे हायड्रोजनचे, तो पेट घेतो. कॉस्टिक सोड्याने हे फार जोरात होतं म्हणून कॉस्टिक अन् ॲल्युमिनियम घरी एकत्र करूच नका, आणि कॉस्टिक सोडा तर पोरांच्या हाती अजिबात नको. मोरीचं तुंबलेलं पाइप साफ करायची पूड असते ना, बऱ्याचदा त्यात तोच असतो. मी तो फक्त शाळेच्या लॅबमध्ये, चष्मा-हातमोजे असतील तरच दाखवते.

चुना

चुन्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते कारण एका चुन्यात अर्धा धडा आहे.

तंबाखूसोबतचा चुना वाटाण्याएवढा घ्या, काचेच्या बाटलीत पाणी भरून हलवा, रात्रभर न हलवता ठेवा. वर नितळ पाणी येतं, ती चुन्याची निवळी. ती अलगद ओतून घ्या. हळद लाल, जास्वंद हिरवी. आता दोन ग्लास शेजारी ठेवा, एकात राखेचं पाणी, दुसऱ्यात निवळी, दोन्हींत लिंबू पिळा. राखेचं पाणी फसफसतं, निवळी गप्प. दोन्ही आम्लारीधर्मी, दोन्हींचं उदासिनीकरण झालं, मग फरक का? निवळीत कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे, त्याची आम्लाशी गाठ पडली की क्षार अन् पाणी, वायू नाहीच. राखेत कार्बोनेट आहे, त्यातून क्षार, पाणी अन् वर कार्बन डायऑक्साइड. फेस आला की कार्बोनेट नाहीतर बायकार्बोनेट, नाही आला की हायड्रॉक्साइड. ही एक खूण लक्षात राहिली तर प्रयोगवहीतले अर्धे प्रश्न सुटतात. डबीतला जुना कडक झालेला चुना लिंबात टाकून बघा, तो फसफसेल, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन त्याचा चुनखडीसारखा कार्बोनेट झालाय.

हेच निवळीत फुंकून दाखवता येतं. स्ट्रॉने फुंका (ओढायचं नाही, आधीच दम द्या), थोड्या वेळात पाणी दुधाळ होतं, तो कॅल्शियम कार्बोनेट. फुंकतच राहिलात तर हळूहळू परत नितळ, कारण जास्तीच्या वायूने त्याचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. इथपर्यंत पोचायला गाल दुखतात, पोरांची पैज लावून द्या. ते नितळ झालेलं पाणी उकळलं की पुन्हा गढूळ. आता गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर अन् ठिबकचे चोक झालेले ड्रिपर आठवा, तेच आहे सगळं, बोरच्या पाण्यातलं विरघळलेलं बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन बसतं. ठिबकला ॲसिड सोडतात ते हाच थर विरघळवायला. फक्त ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही.

भिंतीला चुना देतात तेव्हाही पहिल्या दिवशी हात लावला की पांढरा होतो अन् काही दिवसांनी होत नाही, भिंतीवर हवा खाऊन दगड झालेला असतो तो. आणि चुनकळी विरवताना जी वाफ अन् खदखद होते ती म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड + पाणी → कॅल्शियम हायड्रॉक्साइड + उष्णता. दिवाळीआधी कुणाकडे पिंपात चुना विरवत असतील तर पोरांना घेऊन जा, पण चार-पाच हात लांब उभं करा. उडतो तो.

डोळ्यांचं इथेच सांगते कारण चुन्याची पुडी दाबली की फुटते अन् लहान पोरांच्या डोळ्यात जाते. अल्क डोळ्याला आम्लापेक्षा वाईट, कारण तो आत आत मुरत जातो. लगेच, म्हणजे लगेच, वाहत्या साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवायचं, पापणी उलटी करून कण काढायचे, अन् दवाखाना. लिंबू पिळून "न्यूट्रल" करायला जाऊ नका, उदासिनीकरणात उष्णता निघते. पुस्तकातली रिॲक्शन डोळ्यात करायची नसते.

तीव्र म्हणजे दाट नाही

चुना आणखी एका गोष्टीला उपयोगी, ज्यात दहावीचीच काय, अकरावीचीही पोरं गडबडतात. चुना पाण्यात फार कमी विरघळतो, एका लिटरला दोन ग्रॅमही नाही (आणि गंमत म्हणजे गरम पाण्यात आणखी कमी). तरी तो तीव्र आम्लारी, कारण जेवढा विरघळला तेवढा जवळजवळ सगळा फुटून हायड्रॉक्साइड देतो. निवळीचा सामू १२.४ च्या आसपास जातो. उलट अमोनिया पाण्यात भरपूर विरघळतो पण त्यातला थोडासाच हायड्रॉक्साइड देतो, म्हणून सौम्य. म्हणजे तीव्र-सौम्य हा किती फुटतो याचा हिशेब अन् संहत-विरल हा किती घातलंय याचा. मी सांगते, लग्नात पाचशे लोक आले अन् पाचच नाचले, तो अमोनिया. वीसच आले अन् वीसही नाचले, तो चुना.

सामूचं माप सोरेनसेनने १९०९ मध्ये काढलं, कोपनहेगनला बिअरच्या कंपनीच्या लॅबमध्ये. ७ च्या वर आम्लारी, अन् प्रत्येक अंकाला दहापट फरक. ८ अन् ९ मध्ये "थोडासाच" फरक म्हणणाऱ्याला हे दोनदा सांगा. तीव्र अल्काचा सामू १३ असेल अन् दहापट पाणी घातलं तर १२. असं करत करत ५ येईल का? नाही येणार, नुसतं पाणी घालून ७ च्या खाली कधीच जात नाही. हा प्रश्न परीक्षेत फसवायला टाकतात.

नवसागर

कल्हईवाला आता क्वचित येतो पण नवसागर काष्टौषधीच्या दुकानात मिळतो. तो अमोनियम क्लोराइड. बाटलीच्या झाकणात चिमूटभर नवसागर अन् चिमूटभर ओला चुना एकत्र करा, वर दोन बोटं अंतरावर हळदीची ओली पट्टी धरा, टेकवू नका. पट्टी हवेतच लाल होते. पोरं इथे खरंच गप्प होतात. अमोनियम क्षार + आम्लारी → अमोनिया वायू, तो ओल्या पट्टीत विरघळतो अन् आम्लारी बनतो. वास हाताने वारा घेऊन थोडासा घ्यायचा, नाक खुपसायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची. यातून शेताची गोष्ट सरळ निघते, अमोनियम सल्फेट अन् चुना एकत्र करायचा नाही, नत्र हवेत जातो अन् पैसेही.

मोरचूद, म्हणजे बोर्डो

धातूच्या क्षारात आम्लारी घातला की त्या धातूचं हायड्रॉक्साइड साक्याच्या रूपात खाली बसतं, हे समीकरण बोर्डो मिश्रण (पिकावरच्या बुरशीसाठी फवारतात ते) करून दाखवा. पपई, लिंबू, डाळिंब असलेल्या घरात ते माहीत असतंच. हे फ्रान्समध्ये बोर्डोच्या द्राक्षबागांतून निघालं, मियार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मांडलं. एक टक्क्याचं म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुनकळी, १०० लिटर पाणी. वर्गात मी १० ग्रॅम, १० ग्रॅम, १ लिटर घेते. मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात, धातूच्या नाही, कारण तांबं लोखंडावर चढतं. चुना वेगळ्या भांड्यात विरवून, गार करून, गाळून अर्धा लिटर. मग दोन्ही धारा एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतायच्या अन् ढवळत राहायचं. निळं पारदर्शक पाणी एकदम आकाशी दाट होतं.

आता तपासायचं कसं? स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा नाहीतर चाकूचं पातं मिनिटभर बुडवा. तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, असं फवारलं तर पानं करपतात, चुन्याची निवळी आणखी घाला, परत बुडवा. थर येत नाही तेव्हा तयार. केलं त्याच दिवशी वापरा. माझ्या वर्गातल्या एका पोराने हे घरी सांगितलं, त्याचे वडील हसले अन् म्हणाले आम्ही वीस वर्षं विळा बुडवतो, का बुडवतो ते आज कळलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, त्याचंही थोडं पाणी करून त्यात निवळी घाला. मळकट हिरवा साका येतो, उघडा ठेवला की वरून तपकिरी होत जातो. हा कंटाळवाणा दिसतो पण सोडू नका, कारण आपल्या शेतात हेच चालू असतं. तापीकाठची काळी माती बऱ्याच ठिकाणी ८ च्या आसपास सामूची, चुनखडीची. अशा जमिनीत लोह असतं पण न विरघळणाऱ्या रूपात बसलेलं, मुळांना मिळत नाही. भुईमुगाची, मोसंबीची कोवळी पानं पिवळी अन् शिरा हिरव्या दिसतात ते त्यामुळे. नुसता हिराकस मातीत टाकला तर बराचसा त्या ग्लासातल्यासारखाच खाली बसतो, म्हणून पानांवर फवारतात नाहीतर शेणखतात मुरवून देतात.

आणि चोपण जमीन, पावसात चिकट अन् उन्हात दगड, सामू ८.५ च्या वर, तिथे सोडियम मातीला चिकटलेला असतो. तिला चुना टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, चुना कोकणातल्या आम्ल मातीला. चोपणला जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, सुटलेला सोडियम सल्फेट पाण्याबरोबर निचऱ्याने बाहेर जायला हवा. निचराच नसेल तर जिप्समही वाया.

प्रयोग झाल्यावर उरलेलं पाणी कुठे टाकायचं हाही प्रश्न असतो. राखेचं अन् चुन्याचं पाणी लिंबू किंवा व्हिनेगर घालत जा, हळदीची पट्टी पिवळी राहिली की मोरीत. मोरचुदाचं मात्र मोरीत नाही, गुरांच्या पाण्याजवळ तर अजिबात नाही, फवारणीच्या टाकीत ओता. उरलेल्या हळदीच्या पट्ट्या झाकणाच्या डब्यात अंधारात ठेवा, उजेडात फिक्या पडतात. अन् पोरांना पांढरा शर्ट घालून येऊ नका म्हणून आदल्या दिवशी सांगा, मी सांगते, तरी दरवर्षी दोघं-तिघं येतातच.